केन्यनबाईंनी जेरिकोत नेमकं काय केलं?

पुरातत्त्वाच्या एम.ए.ला नुकताच प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: कॅथलीन केन्यन हे नाव ‘व्हीलर-केन्यन पद्धत’ या उत्खननाच्या पद्धतीच्या जोडनावात भेटतं आणि तिथेच संपतं. या बाईंनी स्वतः काय केलं? त्यांनी बायबलमधली जेरिकोची तटबंदी खोटी ठरवली म्हणतात, ते कितपत खरं? आणि आज फील्डवर उतरणाऱ्याने त्यांच्याकडून काय घ्यावं, काय सोडावं?

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून सुटं सुटं उत्तर देत नाही. केन्यनबाईंचा भरवसा सापडलेल्या वस्तूपेक्षा ती वस्तू ज्या मातीत होती त्या मातीवर जास्त होता. त्यांचं नाव त्यामुळे झालं आणि त्यांच्यावर रास्त टीका झाली तीही त्यामुळेच. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाच.

जन्म ५ जानेवारी १९०६ चा, लंडनमधला. वडील सर फ्रेडरिक केन्यन हे प्राचीन हस्तलिखितांचे आणि बायबलच्या संहितेचे मोठे अभ्यासक, १९०९ ते १९३१ ब्रिटिश म्युझियमचे संचालक. घर म्युझियमच्या आवारातच. शाळेत हेड गर्ल, पुढे ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात इतिहास, हॉकीच्या मैदानावर नाव, आणि विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंडळाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. पहिल्या पिढीतल्या स्त्रियांबद्दल लिहिताना आपण संघर्षाचा मसाला जरा सढळ हाताने घालतो. इथे तो घालण्याचं कारण नाही. घर खातंपितं होतं, दारं उघडणारी माणसं ओळखीची होती. अडचण असलीच तर वेगळी होती. ‘संचालकांची मुलगी’ ही ओळख पुसून स्वतःचं काम दाखवायचं होतं.

पहिली संधी १९२९ साली आली, ती थेट आफ्रिकेत. पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन ग्रेट झिम्बाब्वे या दगडी नगराच्या अवशेषांकडे निघाल्या होत्या. सोबत दोनच मदतनीस, त्याही स्त्रिया. त्यांतली एक कॅथलीन, छायाचित्रणाची जबाबदारी घेऊन. प्रश्न नाजूक होता. एवढी दगडी बांधकामं आफ्रिकी माणसाने उभारली हे वसाहतीतल्या गोऱ्या मंडळींच्या पचनी पडत नव्हतं. कोणी फिनिशियन लोकांचं नाव घेई, कोणी शेबाच्या राणीचं. ही बांधकामं स्थानिकांचीच आहेत असं पुरातत्त्वज्ञ रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ सालीच सांगितलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. केटन-थॉम्पसन यांनी भिंतींच्या खालचे अबाधित थर उकलले, शंकूच्या आकाराच्या बुरुजाच्या पायाखालून बोगदा घालून खाली काही जुनं दडलंय का तेही पाहिलं, आणि निकाल दिला: बांधकाम मध्ययुगीन आहे आणि आफ्रिकी आहे. तेवीस वर्षांच्या कॅथलीनने पुरातत्त्वाचा पहिला धडा इथे घेतला. लोकांना हवी ती कथा आणि मातीने सांगितलेली कथा यांचा झगडा कसा असतो, हे तिने पहिल्याच मोहिमेत पाहिलं. जेरिकोत तोच झगडा पुन्हा समोर येणार होता.

परतल्यावर ती लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्स इथल्या व्हेरुलेमियम या रोमन नगराच्या उत्खननात सामील झाली. चालक मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर. आपल्याकडे मॉर्टिमर व्हीलर सगळ्यांना ठाऊक, टेसाचं नाव क्वचितच घेतलं जातं. खरं तर साइटवरची रोजची शिस्त, विद्यार्थ्यांना हाताला धरून शिकवणं, नोंदी तपासणं, हे बरंचसं टेसा सांभाळत. केन्यन याच शाळेत घडल्या, आणि तिथल्या रोमन नाट्यगृहाचं उत्खनन लवकरच त्यांच्याकडे सोपवण्यात आलं.

आता ती ‘पद्धत’ म्हणजे काय ते जरा विस्ताराने सांगतो, कारण परीक्षेत तू ‘चौरसांची जाळी आणि मधले बांध’ (म्हणजे चौरसांमध्ये न खणता ठेवलेल्या मातीच्या भिंती) असं लिहिशील, तुला गुणही मिळतील, आणि मुद्दा हातून निसटेल.

तोवर पश्चिम आशियात सर्रास रीत अशी होती की शेकड्याने मजूर लावायचे, भिंतीचं टोक दिसलं की तिच्या कडेकडेने चर खणत जायचं आणि इमारतीचा नकाशा मोकळा करायचा. नकाशा सुंदर मिळतो. पण भिंतीलगत खणलं की तिला येऊन भिडलेली प्रत्येक जमीन कापली जाते. मग ही जमीन या भिंतीच्या काळची, की भिंत पडल्यावर नंतर कोणी सारवलेली, हे सांगायला पुरावाच उरत नाही. व्हीलर मंडळींनी उलटं केलं: भिंतीला काटकोनात कापायचं आणि खड्ड्याची उभी बाजू, म्हणजे छेद, जपायची. छेदात भिंतीचा पायाचर, म्हणजे पायासाठी खणलेला चर, दिसतो. तो कुठल्या थरातून खाली कापलाय ते दिसतं. पायाचराच्या भरावातलं सगळ्यात उशिराचं खापर भिंतीच्या बांधणीच्या वेळचं किंवा त्याआधीचं. भिंतीला येऊन टेकलेल्या जमिनीवरचं खापर भिंतीनंतरचं. या दोन वाक्यांवर अख्ख्या स्थळाचा कालक्रम उभा राहतो. चौरस, जाळी, बांध ही सगळी छेद हाताशी राहावा म्हणून केलेली सोय.

केन्यन यांनी त्यात भर घातली ती बारकाव्याची. थर रंगावरून, पोतावरून, ओलाव्यावरून वेगळा ओळखायचा; मोजून ठरावीक इंच खाली जायचं नाही, थर जसा चढउतार घेतो तसंच त्याच्या मागे जायचं; खड्डा, पायाचर, उंदराचं बीळ यांतली माती वेगळी काढायची आणि खापरांच्या पिशवीवर थराचा क्रमांक पडल्याशिवाय पुढची कुदळ मारायची नाही. आपल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर तू हे करशील तेव्हा समजेल की बोलणं सोपं आहे. दुपारच्या उन्हात छेद वाळून एकसारखा करडा होतो, काही म्हणता काही दिसत नाही. सकाळी तिरक्या उन्हात ट्रॉवेलने हलक्या हाताने खरवडून, पाण्याचा बारीक फवारा मारला की राखेचा पट्टा, सारवणाची रेघ, खड्ड्याची कड उमटते, आणि ती पुन्हा वाळायच्या आत सुरीच्या टोकाने आखून घ्यावी लागते. त्यात आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातहात भेगा पडतात. वरचं खापर भेगेतून खालच्या थरात जाऊन बसतं आणि नवख्याला शंभरेक वर्षांनी फसवतं. घुशींचं तर बोलायलाच नको.

पश्चिम आशियात ही पद्धत पहिल्यांदा नीट वापरली गेली ती सामरियात. जॉन आणि ग्रेस क्रोफुट यांच्या मोहिमेत १९३१ पासून केन्यन होत्या. ओम्री राजाने वसवलेली ही इस्राएलची राजधानी. बाईंनी टेकडीच्या माथ्यावरून आडवा आणि उतारांवर उतरणारा असा चर घेतला आणि लोहयुगापासून रोमन काळापर्यंतच्या थरांची साखळी लावली. तोवर पॅलेस्टाइनमधल्या लोहयुगीन खापरांना इतका पक्का आधार नव्हता. वादही लगेच झाला आणि तो समजून घेण्यासारखा आहे. फरशीखाली भरावात सापडलेली खापरं फरशी बांधणाऱ्यांच्या काळची, असं बाईंनी धरलं. ऑलब्राइट आणि राइट यांच्यासारखे जाणकार म्हणाले, भराव आसपासच्या जुन्या वस्तीतून उचललेला असू शकतो. मग ती खापरं ओम्रीच्याही आधीची. तत्त्वतः टीकाकारांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भरावातलं खापर इमारतीचा काळ ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतं.

पुढची काही वर्षं घाईने सांगतो. व्हीलर दांपत्याचं लंडनमध्ये पुरातत्त्वाची स्वतंत्र संस्था काढण्याचं स्वप्न होतं. त्यात केन्यन पहिल्यापासून होत्या. टेसा १९३६ मध्ये अकाली गेल्या आणि १९३७ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ आर्किऑलॉजी सुरू झाली. लेस्टरमध्ये ज्युरी वॉलजवळ १९३६ ते १९३९ उत्खनन केलं. तिथली इमारत रोमन नगराचा फोरम, म्हणजे मुख्य चौक, आहे असं बाईंनी ठरवलं, पण फोरम पुढे दुसरीकडेच निघाला आणि ही जागा सार्वजनिक स्नानगृहाची ठरली. महायुद्धात त्या हॅमरस्मिथमध्ये रेड क्रॉसच्या विभागप्रमुख होत्या, आणि १९४२ ते १९४६ इन्स्टिट्यूटच्या प्रभारी संचालक. बॉम्ब पडलेल्या शहरांत युद्धानंतर काय खणायचं आणि काय वाचवायचं यासाठी १९४४ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्व परिषद स्थापन झाली, तिच्या पहिल्या सचिव त्याच. मग लिबियातल्या साब्राथा या प्राचीन नगराचं उत्खनन. हे सगळं कारकुनी वाटेल, पण युद्धकाळात संस्थेचा दिवा तेवत ठेवणारं माणूस नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

व्हीलर याच सुमाराला, १९४४ मध्ये, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन इकडे आले, तक्षशिलेला प्रशिक्षण शिबिर घेतलं आणि १९४८ पर्यंत अरिकमेडू, हडप्पा, ब्रह्मगिरी इथे तीच शिस्त रुजवली. पुण्याशी धागा त्याच्याही आधीचा आहे: पुढे डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व रुजवणारे ह. धी. सांकळिया लंडनला पीएच.डी. करत असताना मेडन कॅसल इथे व्हीलरांच्या हाताखाली उत्खनन शिकून आले होते. म्हणजे नेवासे किंवा जोर्वे इथल्या खड्ड्यांची शिस्त आणि जेरिकोच्या खड्ड्यांची शिस्त एकाच घराण्यातली. डेक्कन कॉलेजच्या परंपरेत शिकलेल्या कुणालाही केन्यनबाईंची छेदचित्रं परकी वाटत नाहीत, ती यामुळे.

जेरुसलेममधल्या ब्रिटिश स्कूल ऑफ आर्किऑलॉजीचं संचालकपद १९५१ मध्ये त्यांच्याकडे आलं आणि १९५२ मध्ये त्यांनी जेरिकोच्या तेल एस-सुलतान या टेकाडाला हात घातला. मृत समुद्राच्या उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर खाली, बारमाही झऱ्याच्या काठी ही जागा. तेव्हा हा भाग जॉर्डनच्या ताब्यात होता, आणि १९४८ च्या युद्धातून विस्थापित झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्या टेकाडाच्या अगदी लगत होत्या. अनेक थडगी त्या छावणीच्या आवारातच निघाली.

मराठी बायबलमधलं यरीहो ते हेच. याजकांनी मेंढ्याच्या शिंगांची रणशिंगं फुंकली, लोकांनी गर्जना केली आणि तट कोसळला, ही यहोशवाची कथा. केन्यन यांच्या आधी, १९३० ते १९३६ मध्ये, जॉन गारस्टँग यांनी इथे खणलं होतं. त्यांना मातीच्या विटांची कोसळलेली, जळालेली दुहेरी तटबंदी मिळाली आणि हीच यहोशवाच्या वेळची, इ.स.पू. १४०० च्या आसपासची, असं त्यांनी जाहीर केलं. वर्तमानपत्रांना आणि चर्चला आणखी काय हवं होतं? विशेष म्हणजे त्या पुराव्याची फेरतपासणी गारस्टँग यांनीच केन्यन यांच्याकडे मागितली होती.

बाईंनी पश्चिम, उत्तर आणि दक्षिण बाजूंनी टेकाडाच्या उतारावर तीन मोठे चर घेतले. छेदाने जे दाखवलं ते असं: ‘दुहेरी’ तटाच्या दोन भिंती एका काळच्या नव्हत्याच. कांस्ययुगाच्या आरंभीच्या काळात हा तट पडत, जळत, पुन्हा उभा राहत होता, बाईंनी त्याचे सतरा टप्पे मोजले, आणि गारस्टँगची भिंत त्यांतली होती. ती इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातली, म्हणजे यहोशवाच्या कथेहून किमान आठ-नऊ शतकं जुनी. त्यानंतर मध्य कांस्ययुगात उंच मातीच्या उताराची तटबंदी असलेलं भरभराटीचं नगर आलं आणि ते इ.स.पू. १५५० च्या सुमाराला जळून गेलं. पुढे टेकाड बराच काळ ओसाड, वरचे थर पावसापाण्याने धुऊन गेलेले. यहोशवाच्या कथेशी ज्याची सांगड घालता येईल अशा उत्तर कांस्ययुगाचं काय मिळालं? साधारण एक चौरस मीटर जमिनीचा तुकडा, एक छोटी भट्टी आणि तिच्याशेजारी एक बुडकुलं. एवढंच.

‘खोटी ठरवली’ हा शब्दप्रयोग म्हणूनच मला पटत नाही. एका भिंतीला चुकीचं शतक चिकटवलं होतं, ते बाईंनी काढलं. वर त्यांनी हेही लिहिलं की वरचा भाग वाहून गेला असल्याने त्या काळाबद्दल फार काही सांगता येत नाही. गंमत म्हणजे बाई स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती घरातल्या, बायबलच्या अभ्यासकाची लेक. कथा मोडायच्या इराद्याने त्या गेल्या नव्हत्या. त्यांच्यावर रागावणाऱ्यांनी आणि त्यांना डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांनी, दोघांनीही हे सोयीस्करपणे विसरलेलं दिसतं.

पण माझ्या मते यहोशवाचा तट ही जेरिकोची दुय्यम गोष्ट. खरा चमत्कार त्याच्या कितीतरी खाली होता. पश्चिमेकडचा पहिला चर मूळ खडकापर्यंत नेल्यावर, खापराचा एकही तुकडा न देणाऱ्या थरांत, दगडी तटाची भिंत निघाली. तिच्या बाहेर खडकात खोदलेला खंदक, धातूच्या अवजाराविना. आणि आतल्या बाजूला तटाला लागून भरीव दगडी बुरुज: साडेआठ मीटर उंच शिल्लक, पोटातून वर जाणारा बावीस पायऱ्यांचा जिना. काळ इ.स.पू. ८००० च्या आसपासचा. इजिप्तच्या पहिल्या पिरॅमिडच्या पाच हजार वर्षं आधी, मडकं घडवता न येणाऱ्या लोकांनी हे बांधलं. तोवर क्रम असा शिकवला जाई की आधी शेती, मग मडकी, मग गाव, मग नगर. जेरिकोने तो विस्कटून टाकला. मडक्यांआधीच्या या काळाला बाईंनी अ आणि ब असे दोन टप्पे पाडले: पहिल्यात गोल घरं आणि वरून फुगीर विटा, दुसऱ्यात चौकोनी खोल्या, चुन्याने घोटून गुळगुळीत केलेल्या जमिनी, आणि लांबट विटा, ज्यांच्या पाठीवर गारा धरून राहावा म्हणून अंगठ्याने दाबून काढलेले तिरपे खळगे. वीट थापणाऱ्याचा अंगठा तिथे अजून दिसतो. हे दोन टप्पे आज तुर्कस्तानपासून जॉर्डनपर्यंत सगळेच वापरतात.

बाईंनी या वस्तीला बेधडक ‘नगर’ म्हटलं. इराकमध्ये जार्मो खणणारे रॉबर्ट ब्रेडवुड यांना ते मान्य नव्हतं; दोघांची चांगलीच जुंपली. इथे मी ब्रेडवुड यांच्या बाजूला झुकतो. तट आणि बुरुज मोठे आहेत म्हणून कारागिरांचे वर्ग, बाजार, राज्यव्यवस्था होती असं ठरत नाही. तट संरक्षणासाठीच होता हेही आता पक्कं नाही. तो गाळ-पाण्याचा लोंढा थोपवण्यासाठी असावा, असं ओफर बार-योसेफ यांनी १९८६ मध्ये मांडलं.

बाईंचा स्वभाव कळायला १९५३ च्या हंगामाच्या शेवटची गोष्ट पुरेशी आहे. एका चराच्या बाजूतून मानवी कवटीचा माथा हंगामभर डोकावत होता. इतर कुठल्याही साइटवर मजुरानेच तो दुसऱ्या दिवशी उकरून काढला असता. बाईंनी हात लावू दिला नाही, कारण त्यासाठी छेद फोडावा लागणार होता आणि छेदाचं रेखांकन व्हायचं होतं. रेखांकन झालं, सामानाची बांधाबांध सुरू झाली, तेव्हा कुठे कवटी काढायची परवानगी मिळाली. बाहेर आला तो चेहरा होता. कवटीवर गिलावा चढवून नाक, गाल, ओठ घडवलेले, डोळ्यांच्या जागी शिंपले बसवलेले. मागे आणखी दोन दिसल्या, त्यांच्यामागे आणखी. आवरतं घेतलेलं काम पुन्हा मांडावं लागलं आणि एकूण सात कवट्या निघाल्या. एकीच्या डोळ्यांत कवड्या होत्या. धड घराच्या जमिनीखाली पुरायचं आणि काही कवट्या वेगळ्या काढून त्यांना चेहरा द्यायचा, अशी ती रीत. मातीखाली दडलेलं नवाश्मयुगीन माणसाचं तोंड एक हंगाम थांबलं, पण ते कुठल्या थरात, कुठल्या जमिनीखाली होतं याबद्दल आज कुणाला शंका नाही.

घरातल्या माणसाला घरातच पुरायची चाल आपल्या मुलखालाही नवी नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणली, तिथे लहान मुलं दोन कलशांची तोंडं जुळवून घराच्या जमिनीखाली पुरलेली मिळाली, आणि मोठी माणसं घोट्याखाली पाय तोडून. जेरिकोशी त्यांचा संबंध नाही. मधे साडेपाच-सहा हजार वर्षांचं आणि हजारो किलोमीटरचं अंतर आहे. पण इनामगावचं उदाहरण इथे दुसऱ्याच कारणासाठी देतोय. तिथे शेजारशेजारचे खड्डे उघडत नेऊन अख्खी वस्ती पसरून पाहिली, म्हणून घरांची मांडणी, धान्य साठवायच्या जागा, कारागिरांची घरं आणि प्रमुखाचं मोठं घर यांच्याबद्दल बोलता आलं. हे केन्यन पद्धतीच्या अरुंद चरांतून कधीच कळलं नसतं. खोल चर ‘केव्हा’चं उत्तर उत्तम देतो, ‘कसे राहत होते’ हे विचारलंस तर आडवं पसरावंच लागतं. जेरिकोच्या बुरुजाभोवतीचं गाव कसं होतं ते आजही पुरतं माहीत नाही, त्याचं एक कारण हे. जी काही घरगुती श्रीमंती मिळाली ती मध्य कांस्ययुगाच्या थडग्यांतून: लाकडी मेजं, वाडगे, चटया, टोपल्या, वाळलेलं मांस. मेजांना तीनच पाय, एका टोकाला दोन आणि दुसऱ्याला एक. खडबडीत जमिनीवर चार पायांचं डुगडुगतं, तीन पायांचं डुगडुगत नाही.

जेरुसलेममध्ये (१९६१ ते १९६७) ही मर्यादा ठळक झाली. गिहोन झऱ्याच्या वरच्या पूर्व उतारावर खाली उतरत गेलेला चर घेऊन त्यांनी मध्य कांस्ययुगीन तट शोधला, आणि टेकडीच्या कडेवरचा ज्याला आधीचे लोक दाविदाच्या काळचा बुरुज समजत होते तो हेलेनिस्टिक, म्हणजे सिकंदरानंतरच्या ग्रीक प्रभावाच्या, काळातला, इ.स.पू. सातव्या शतकातल्या पडक्या घरांवर उभा असल्याचं दाखवलं. हा निकाल पुन्हा निव्वळ छेदाच्या जोरावर. पण जिथे चर होता तिथे काही मिळालं नाही, म्हणून शहरच तिथे नव्हतं असं म्हणायच्या मोहात त्या काही वेळा पडल्या. शेजारच्या खणकामाने नंतर त्यांना खोटं पाडलं. अरुंद चरात ‘नाही मिळालं’ आणि ‘नव्हतं’ यांत फार मोठं अंतर असतं.

दुसरी टीका अधिक झोंबणारी, कारण आपल्या साऱ्या पेशाला ती लागू पडते: अहवाल. बाई एका हंगामातून दुसऱ्या हंगामात गेल्या, १९६२ ते १९७३ ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजच्या प्राचार्या झाल्या, १९७३ मध्ये ‘डेम’ किताब मिळाला. थडग्यांवरचे दोन खंड १९६० आणि १९६५ मध्ये त्यांनी काढले. टेकाडाचे खंड मात्र २४ ऑगस्ट १९७८ ला वेल्समध्ये त्यांचं निधन झालं तोवर बाहेर आले नव्हते; ते सहकाऱ्यांनी १९८१ ते १९८३ मध्ये पुरे केले. जेरुसलेमचं तर आणखी रखडलं. दरम्यान जग त्यांचे निष्कर्ष लोकप्रिय पुस्तकांतून वाचत होतं, पुरावा न पाहता.

हाताखालून गेलेली माणसं हा त्यांच्या कामाचा वेगळाच भाग. जेरिकोच्या खड्ड्यांत शिकून जॉर्डनमधल्या स्थळांवर डायना कर्कब्राइड बैधाला गेल्या, हेंक फ्रांकेन देर अल्लाला, पीटर पार पेट्राला. क्रिस्टल बेनेट यांनी पुढे जॉर्डनमध्ये ब्रिटिश संशोधनाचा पाया घातला. कर्कब्राइड आणि बेनेट यांना आपण मोहीम चालवू शकतो का, असा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. हंगामामागून हंगाम त्यांनी एका बाईला शेकडो मजूर, परदेशी विद्यार्थी, सरकारी परवाने आणि पैशांची तंगी एकाच वेळी हाताळताना पाहिलं होतं.

आता शेवटचा प्रश्न, काय घ्यावं. टेकाडाचे खंड हाती आल्यावर १९९० मध्ये पुरातत्त्वज्ञ ब्रायंट वुड यांनी खापरांचा फेरविचार मांडून दावा केला की मध्य कांस्ययुगीन नगर इ.स.पू. १४०० लाच जळालं, म्हणजे गारस्टँग बरोबर होते. आधाराला ब्रिटिश म्युझियमने केलेलं एका कोळशाचं कार्बन-१४ मापन होतं. ते मापन सदोष निघालं आणि म्युझियमने ते सुधारून मागे नेलं. पुढे १९९५ मध्ये ब्रुइन्स आणि व्हान डर प्लिख्ट यांनी त्याच जळिताच्या थरातलं करपलेलं धान्य तपासलं. कोळसा जुन्या झाडाचा असू शकतो, धान्य मात्र त्याच वर्षीचं किंवा मागच्या सुगीचं, म्हणून मुद्दाम धान्य घेतलं. तारीख इ.स.पू. सोळाव्या शतकात पडली. बाईंना जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती, आणि ते धान्य त्यांच्याच १९५० च्या दशकातल्या पिशव्यांतून आलं होतं, थराचा क्रमांक लावलेल्या. तेव्हा फील्डवर गेल्यावर पहिल्या आठवड्यात तुला पिशव्यांच्या चिठ्ठ्या लिहायला बसवतील तर नाराज होऊ नकोस, अक्षर सुवाच्य काढ, पेन्सिलने लिही म्हणजे ओल लागून पुसणार नाही, आणि एक चिठ्ठी पिशवीच्या आतही टाक.